बदाम दुर्री

चेहरा बदामाएवढ्या जागेत मावतो,
फक्त त्याला घाई करायची नाही, वडील म्हणायचे.
आता त्यांना खिडकी कुठे आहे तेवढंच दिसतं.
म्हणून एक्झिटरच्या या माडीवर
उत्तरेच्या उजेडात मी बसते,
अंगात रेशमी झगा. लोकरीचे तंतू उडतात,
आणि एक तंतू गालावर पडला
तर भरल्या चेहऱ्याच्या बाईला जन्माचा व्रण होतो.
बोलायचं नाही. शिंकायचं तर जिन्यात जाऊन.
थुंकीचा एक शिंतोडा म्हणजे देवीचा वण.

वासराचं कातडं, कांद्याच्या सालीइतकं पातळ,
खळीनं पत्त्यावर डकवायचं.
पत्ता जुना हवा, खेळून खेळून निवलेला.
आणि बदामच हवा. हा वडिलांचा हट्ट:
चेहऱ्यामागे बदाम असावा, कुणाला दिसो न दिसो.
आमच्या कॅटातले बदाम असे गावोगाव गेले,
राजा एका वकिलाच्या पाठीशी, राणी एका धर्मगुरूच्या.
उर्सुला चॉलविच आली तेव्हा दुर्री उरली होती.
एक बदाम सरळ, एक उलटलेला.

पहिल्या बैठकीला ती निळ्या पोशाखात आली,
गळ्यात मोती, हातमोज्याला माशांचा वास.
नवरा न्यूफाउंडलंडला गेलाय, म्हणाली,
पुढच्या जहाजानं हे त्याला पाठवायचंय,
खिशात राहील एवढंच करा.
मी कातडीचे सहा रंग आधीच तयार ठेवले होते.
तिचा सातवाच निघाला.

दुसऱ्या बैठकीत सांगत होती,
आंब्रोज इतका घोरतो की शेजारचं कुत्रं भुंकतं.
सांगता सांगता ओठाचा डावा कोपरा वर गेला.
मी तो पकडला. खारीच्या शेपटीचे चार केस,
एक श्वास, आणि पकडला.

मंगळवारी टॉपशमहून माणूस आला.
जहाजाचा पत्ता नाही, म्हणाला.
याचा अर्थ काय, ते धक्क्यावरची पोरंही जाणतात.

गुरुवारी ती वेळेवर आली.
तोच निळा पोशाख. तेच मोती.
खुर्ची जिथे होती तिथेच, एक तसूही न हलवता बसली.
मी नियम मोडला, बोलले:
पोशाख काळा करू का, बाई?
जळलेल्या हस्तिदंताचा काळा आहे माझ्याकडे,
डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी राखलेला. पुरेल.
नको, म्हणाली.
चित्र त्याच्यासाठी आहे.
त्याला ही बातमी ठाऊक नाही.

मी मान खाली घातली नाही. घालता येत नाही.
सगळे रंग पाण्यातले,
एका थेंबानं गाल वाहून गेला असता,
आणि गाल छान जमला होता.
तिच्या तोंडाकडे पाहिलं, पत्त्याकडे पाहिलं.
आता ही दोन तोंडं जुळत नव्हती.
ओठाचा कोपरा एक केसभर खाली आणायचा
एवढंच काम होतं.
कुंचला ओला केला. टोक जिभेवर फिरवलं.
आणि मोत्यांकडे वळले.

मोती शेवटी करतात.
सफेद्याचा टिपका, त्यावर शिंपल्यातली चांदी,
मग मुंगसासारख्या एका चिमुकल्या जनावराचा दात
काठीत बसवलेला असतो, त्यानं घासायचं,
हळू, चमक येईपर्यंत.
सतरा मोती. तेवढा वेळ ती बसून राहिली,
खाली रस्त्यावर कुणी तरी कालवं विकत होतं.

डबी रुमालात गुंडाळून ती जिना उतरली.
किती वाजले ते विचारलं तिनं, दुसरं काही नाही.

वडील खिडकीपाशी होते.
मोत्यांना चांदी लावलीस?
लावली.
काळी पडते ती. तीस वर्षं, फार तर चाळीस.
माहीत आहे.
तिला सांगितलंस?

मी पाणी ओतून दिलं, कुंचले पुसले.
कॅट उचलून पाहिला, इस्पिक, किल्वर, चौकट.
आता नवा आणायला हवा, म्हटलं.